सरळ रेघेचा सत्कार

एका जंगलात, मुलांनो, ओढ्यावर मातीचा बांध होता. त्यावर नजर ठेवायला सिंहमहाराजांच्या गुहेत एक ऑसिलोस्कोप होता. फार जुना, लोखंडी पेटी, आत काचेच्या नळ्या. त्याच्या तारेचं टोक बांधात रोवलेलं. बांध स्वस्थ असला की पडद्यावरची हिरवी रेघ सरळ. बांध थरथरला की रेघ नाचायची.

एकदा ती ऐन दरबारात, पाहुण्या वाघासमोर नाचू लागली. सिंहमहाराज ओशाळले.

"यंत्र बिघडलंय. झिपरूला बोलवा!"

झिपरू अस्वल म्हणजे जुन्या यंत्रांचा वैद्य. राहायचा बांधाच्या पायथ्याशी. त्याने पेटी उघडली, धूळ फुंकली, नळ्या घट्ट बसवल्या, एक फुगलेला कपॅसिटर बदलला. रेघ नाचतच होती. मग त्याने तार बांधातून उपटून खडकाला लावली. रेघ सरळ! पुन्हा बांधाला लावली. रेघ थयथय.

बांधाखाली त्याची पिल्लं खेळत होती.

"महाराज, यंत्र ठणठणीत आहे. बांध खचतोय."

"तुला यंत्रासाठी बोलावलं होतं की बांधासाठी?" महाराज गुरगुरले.

कोल्हा प्रधान गोड हसला. "झिपरूशेठ, खडकाला लावल्यावर रेघ सरळ आली ना?"

"आली."

"मग तार तिथंच लावून टाका की!"

टाळ्या पडल्या. ऐन उकाड्यात अस्वलाला शाल पांघरली, नारळ दिला. झिपरूने बोलायला तोंड उघडलं, तर कोल्ह्याने त्यात पेढा कोंबला.

घरी येताच त्याने भांडीकुंडी बांधली. शेजारची चिंगी ससीण डोकावली.

"काय म्हणतो बांध, भावजी?"

"रेघ सरळ आहे, वहिनी."

"मग बिऱ्हाड कुठं निघालं?"

"टेकडीवर. हवापालटाला."

"बाई बाई! एक शाल काय मिळाली, शेजार नकोसा झाला!"

त्याच आठवड्यात बांध फुटला. चिंगीचं बीळ वाहून गेलं. पोरांना पाठीवर घेऊन ती निथळत दरबारात आली.

कोल्ह्याने पडदा दाखवला. "रेघ पाहा, बाई. बांध जागेवर आहे."

"मग मी भिजले कशी?"

"त्याची चौकशी तुमच्यावर बसेल." कोल्हा दरबारात बसलेल्या झिपरूकडे वळला. "झिपरूशेठ, तुम्ही जाणकार. काय दिसतंय?"

झिपरूने चिंगीकडे पाहिलं. मग महाराजांच्या दातांकडे.

"सरळ आहे," तो म्हणाला.

तात्पर्य: खरे बोलण्याआधी आपले घर उंचावर हलवावे. एकदा ते हलले की खरे बोलण्याची गरज उरत नाही.