एवढी उडी कशी?

गेल्या दिवाळीत शकूरभाईंनी आमच्या घरची चकली तोंडात टाकली, डोळे मिटून चावली आणि माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, मागल्या साली दगड व्हत्या. एका साली एवढी उडी कशी?"

चकल्या नारायणगावातून विकत आणल्या होत्या. बायकोनं पुढं महिनाभर त्यांना चहा विचारला नाही.

जुन्नरात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच शकूरभाईंचं सायकलचं दुकान. पन्नाशीला टेकले आणि एका गिऱ्हाइकाच्या नादानं त्यांना ट्रायथलॉनचं वेड लागलं. म्हणजे आधी पोहायचं, तशाच ओल्या अंगानं सायकल हाणायची आणि वर पळायचं! दर शर्यतीनंतर हौशी मंडळींना गुण मिळतात नि मोबाइलवर क्रमवारी लागते. शकूरभाई त्यात कायम तळाला, पण वरच्यांवर त्यांचा पहारा असा, की विचारू नका. कुणाचे गुण झपकन वाढले की झालंच. "एवढी उडी कशी? काय तरी घेतलंया राव!" बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारातही गाय आज किती दूध देते हे विचारायचे नाहीत, मागल्या महिन्यात किती देत होती ते विचारायचे. व्यापारी त्यांना लांबूनच हात जोडत.

त्यांचा जोडीदार डिंगोऱ्याचा संपत. टोमॅटोचा टेम्पो चालवतो, बोलतो कमी, हसतो जास्त. सरावाला दोघं एकत्र, शर्यतीत शेवटी येणारेही दोघं एकत्र. त्यामुळं गुणही सारखेच.

यंदा शकूरभाईंचा गुडघा सुजला आणि एक शर्यत हुकली. संपत एकटाच गेला. संध्याकाळी क्रमवारी लागली तसे शकूरभाई मोबाइल घेऊन माझ्या दुकानात शिरले. चेहरा पांढराफटक. संपत तळातून उठून थेट वरच्या लोकांत जाऊन बसला होता.

"भाऊ, तक्रार टाइप करा. संपतची."

"अहो, मित्र आहे तुमचा!"

"म्हनूनच. दुसरा आसता तर नुसती शिवी दिली आसती."

मी टाइप काही केलं नाही, फोन करून संपतलाच बोलावलं. तो हसत हसत आला. शकूरभाईंनी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "काय घेतलंस?"

संपतनं मान खाजवली. "काय न्हाई ओ शकूरभाई. तुमी नव्हता. मग थांबू कुनासाठी? पळालो."

शकूरभाई मटकन खुर्चीत बसले. "म्हंजे इतकी वरसं तू माझ्यासाठी हळू पळत व्हतास?"

"मला एकट्याला करमत न्हाई," संपत म्हणाला.

मी तिघांसाठी चहा सांगितला.

पुढची शर्यत येडगावच्या धरणावर होती. तोवर गुडघा ठणठणीत झाला होता. आदल्याच दिवशी मी शकूरभाईंना शिडीवर चढून टायर काढताना पाहिलं होतं. पण शर्यतीच्या सकाळी मी बघायला धरणावर गेलो, तर ते लंगडत आले.

"लई दुखतंय संपत, तू जा. आन् माघारी वळून बघितलंस तर तक्रार करीन!"

संपत गेला आणि पहिल्या काही जणांत आला. आमच्या शेजारी उभा असलेला एकजण मोबाइल चाळत म्हणाला, "ह्यो तर तळाला असायचा. काय घेतलं आसंल?"

शकूरभाई भडकले. "घेतलं काय न्हाई! वझं टाकलंय त्यानं!"

मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले, माझ्या हातातली पाण्याची बाटली ओढली आणि संपतकडं धावत सुटले. आपला गुडघा दुखतोय, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.