शालनताईंच्या पाठीचा राजीनामा

जन्म-मृत्यू नोंदणी विभागातल्या शालन टिपरे यांच्या पाठीने सोमवारी सकाळी अकरा वाजता आमच्या नगरपरिषदेच्या आवक खिडकीवर राजीनामा दिला. अर्ज रीतसर होता, म्हणून त्यावर शिक्का पडला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'एकोणीस वर्षे एकच खुर्ची. टेबल उंच. संगणकाचा पडदा खाली.' नोटीस एक महिन्याची होती.

मी शालनताईंच्या मागच्या टेबलावर बसतो. पाठ बोलते ते फक्त मागच्याला ऐकू येतं, त्यामुळे निरोप देण्याचं काम माझ्याकडे आलं.

"साळवे, ती खरंच जाणार म्हणते?" शालनताईंनी समोर बघतच विचारलं.

"महिना भरला की," मी म्हणालो.

"सुनेला सातवा महिना चाललाय हो. बाळाला उचलू कशी मी?"

मुख्याधिकारी मॅडमनी नियम पाहिले. पाठीला जाता येत होतं, पण आधी तज्ज्ञाचा अभिप्राय हवा होता, आणि तज्ज्ञ अर्जदाराच्या मालकिणीनेच शोधायचा होता.

शालनताईंनी शोधला. हाडांच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि खुर्ची हा आपला विषय नाही म्हणाले. फर्निचरवाल्याने सोफे दाखवले. इंटरनेटवर एकाने पाठीमागे उशी घ्या म्हटलं होतं, दुसऱ्याने मुळीच घेऊ नका. शेवटी यास्मिन मुजावर सापडल्या. त्या शिलाई कारखान्यांत बायकांच्या बसण्याची मापं घेत. त्या टेप घेऊन आल्या, थेट शालनताईंच्या मागे उभ्या राहिल्या आणि पाठीला म्हणाल्या, "सांगा." पाऊण तास त्यांनी नुसतं ऐकून घेतलं.

अभिप्राय आला: टेबल चार इंच कापा, पडदा वर घ्या, दर अर्ध्या तासाने उठा.

कार्यालयाच्या सामानाच्या जडवस्तू नोंदवहीत टेबल पूर्ण उंचीचं नोंदलेलं होतं, ते कापता येईना. म्हणून बांधकाम विभागाने खुर्चीखालची फरशी चार इंच उचलली. पडदा जुन्या मतदार याद्यांवर ठेवला. अडलं ते उठण्यावर.

"खिडकीवर लोक असतात. मी उठले तर ते ताटकळतील," शालनताई म्हणाल्या.

"एकोणीस वर्षं मी ताटकळतेय, असं म्हणते ती," मी सांगितलं.

शालनताईंनी खिडकीची फळी लावली आणि उठल्या. बाहेरच्या गृहस्थांनी काय झालं विचारलं. पाठीशी बोलणी चालू आहेत, असं कळल्यावर ते बाकावर जाऊन बसले.

सत्ताविसाव्या दिवशी पाठीने राजीनामा मागे घेतला. तो मंजूर झाल्याचा आदेश मात्र पंचविसाव्या दिवशीच निघाला होता. त्यामुळे पाठीला नव्याने नेमावं लागलं, दोन वर्षांच्या परिवीक्षेवर, म्हणजे चाचणीच्या मुदतीवर. पुढे नात झाली. शालनताईंनी तिला उचललं, पाठीने हरकत घेतली नाही.

पाठीला नव्याने नेमलं तेव्हा शालनताईंच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. हे कोणी मोजलं नव्हतं.

निरोप समारंभात शालनताईंना शाल दिली. ती फक्त खांद्यांवर ठेवली, कारण पाठ अजून सेवेत होती. दुसऱ्या दिवसापासून पाठ एकटी येऊ लागली. खुर्चीत ताठ बसते. लिहिण्याचं काम मी करतो, कारण रिकामी जागा अजून भरलेली नाही.

संध्याकाळी सव्वासहाला शालनताईंचे यजमान त्यांना रिक्षात आडवं निजवून फाटकापाशी आणतात. पाठ रिक्षात येऊन जागेवर बसली की शालनताई उठून बसतात. काल यजमानांनी मला थांबवलं.

"पाठीची परिवीक्षा संपत आली ना?"

"पुढच्या महिन्यात. शेरे चांगले आहेत. कायम होईल."

"मग निवृत्त कधी?"

"ते जन्मतारखेवर असतं. पाठीच्या जन्माची वेगळी नोंद नाही."

त्यांनी शालनताईंकडे पाहिलं. "मग नोंद करून घेऊ. कागद काय लागतील?"

मी त्यांना सकाळी खिडकीवर यायला सांगितलं. ती पावणेदहाला उघडते.