शेडचं वय

परसातली शेड पंधरा दिवसांत पाडा, अशी नोटीस हातात पडली तेव्हा सुतार एका चौकटीला रंधा मारत होता. रागाच्या भरात त्याने असा काही जोर लावला की चौकट एका अंगाने बारीक झाली. राहत्या वस्तीत कारखाना चालत नाही, असं कायदा म्हणत होता. कायद्याला याची आठवण करून दिली होती शेजारच्या निवृत्त मास्तरांनी. शेड गेली की धंदा गेला.

कार्यालयातल्या साहेबांनी एक फट दाखवली. "बांधकाम दहा वर्षांहून जुनं असेल, तर आमची मुदत संपते. मग हात लावता येत नाही. पण पुरावा हवा."

"बारा वर्षं झाली की, साहेब! माझी मुलगी तेव्हा रांगत होती."

"मुलगी म्हणजे कागद नव्हे."

सुताराने घर पालथं घातलं. पत्रे भंगारातले, त्यांची पावती कुठली? शेवटी बायकोला एक फोटो सापडला. मागे तारीखसुद्धा होती. साहेबांनी भिंग लावलं.

"यात शेड कुठाय?"

"मेहुण्याच्या मागे."

"मला नुसता मेहुणाच दिसतोय."

"शेड त्याच्यापेक्षा लहान आहे हो!"

"माझ्या भावाच्या अंगावर जायचं काम नाही!" बायको कडाडली.

सुनावणीच्या दिवशी मास्तर उशीएवढी फाइल घेऊन आले. "गेली बारा वर्षं मी तक्रारी करतोय! एक्केचाळीस अर्ज. प्रत्येकावर तुमचा शिक्का. पण इथे ढिम्म कुणी हललं नाही!"

साहेबांनी पहिला अर्ज उचलला, शिक्क्यावरची तारीख पाहिली आणि सुताराकडे वळले. "झालं. मिळाला पुरावा. शेड कायम."

मास्तरांचा 'आ' मिटेना. सुताराने तर तिथल्या तिथे त्यांचे पाय धरले.

साहेब मात्र अर्जांना जोडलेले शेडचे फोटो चाळतच होते. "मास्तर, जुने फोटो खिडकीतून काढलेत. हे नवे कुठून?"

"गॅलरीतून," मास्तर घुश्शातच म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी मुद्दाम काढून घेतली. सगळं कसं स्वच्छ दिसतं."

"परवानगी?"

मास्तर छताकडे पाहू लागले. साहेबांनी खणातून कोरी नोटीस काढली.

दोघं जिना उतरू लागले. सुताराला राहवलं नाही. "मास्तर, पाडायला भलत्याला बोलावू नका. लाकडी आहे ना? मी अलगद उतरवून देतो. एक फळी वाया जायची नाही."

मास्तरांनी फाइल काखेत मारली.

"खिडकी मात्र होती तश्शी बसव," ते म्हणाले. "तुझी शेड नीट दिसायला हवी."