हळदीचा डाग

"मेलेल्या माणसाचं घड्याळ घरात काहून आणून राहिले तुम्ही?" बेबीताईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

रत्नाकररावांनी घड्याळ खिडकीच्या उजेडात धरलं. "मेलेल्याचं कशावरून? विकणारा तर चांगला जिवंत होता."

ओमतीच्या बाजारात फुटपाथवर जुने पंखे, फुटके रेडिओ आणि जोडीदार हरवलेले बूट विकणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी ते सकाळीच उचललं होतं. काच दुधासारखी पांढरी पडली होती, आकडे दिसत नव्हते आणि चावी फिरत नव्हती. "बाऊजी, अंगरेज के टाइम की है," असं विकणारा म्हणाला आणि रत्नाकररावांनी लगेच मान डोलावली. खमरियाच्या फॅक्टरीत त्यांची पस्तीस वर्षं तपासणी विभागात गेली होती. केसाएवढी चीर दिसली तरी ते माल परत पाठवत. रिटायर झाल्यावर परत पाठवण्यासारखं घरात एकच काही उरलं होतं, ते म्हणजे बेबीताईंची भाजी. तो प्रयोग त्यांनी एकदाच केला होता.

आता ते भिंग घेऊन बसले. "हे विलायती आहे. एखाद्या लष्करी अफसरचं असणार. पट्टा अडकवायचे हे कान पाहा, असे कान आता कोणी बनवत नाही."

"कानांचं मला नका सांगू. दोन हाका मारल्याशिवाय तुमच्या कानात काही शिरत नाही." बेबीताई हात पुसत बाहेर आल्या. "माझ्या बाबांनी लग्नात तुम्हाला कोरं करकरीत घड्याळ दिलं होतं. डबीसकट! ते दीड महिन्यात नर्मदेत बुडवलं. आता लावा फुटपाथवरचं."

रत्नाकररावांनी भिंगात डोकं आणखी खाली घातलं. या विषयावर गेली चाळीस वर्षं ते असंच करत आले होते.

घडलं होतं असं. लग्न त्र्याऐंशीच्या मे महिन्यातलं. सासरे भाऊराव रेल्वेत होते. त्यांनी भर मांडवात जावयाच्या मनगटाला घड्याळ बांधलं. हात हळदीचा ओला होता. हळदीचं पाणी काचेच्या आत उतरलं आणि सातच्या आकड्याखाली पिवळा डाग पडला. बेबीताईंना तो डाग कुंकवाइतका प्रिय होता. घड्याळ मात्र रोज अर्धा तास मागे पडे. रत्नाकररावांची फॅक्टरीची बस तीनदा चुकली, साहेबाने झापलं. नव्या सासऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात जूनमध्ये क्रिकेटचा वर्ल्ड कप आला आणि कँटीनमध्ये एकजण ट्रान्झिस्टर घेऊन आला. रत्नाकररावांनी घड्याळ देऊन ट्रान्झिस्टर घेतला. तो मित्राने ठेवायला दिलाय असं घरी सांगितलं आणि घड्याळ नर्मदेच्या ग्वारीघाटावर आंघोळ करताना पडलं असंही सांगितलं. भारत जिंकला. बाकी सगळं अडचणीत गेलं.

कारण बेबीताई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नर्मदामैयाला आवडलं असेल, म्हणून तिनं घेतलं." तेव्हापासून दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला दोघं ग्वारीघाटावर जात आणि त्याच पायरीवरून नारळ सोडत. पायरी रत्नाकररावांनी अशीच बोट दाखवून ठरवली होती. भाऊराव तर वारले तेव्हाही सांगून गेले, "माझं घड्याळ मैयाच्या हातात आहे, मला चिंता नाही."

फुटपाथवरचं घड्याळ रत्नाकररावांनी ओमतीतल्या गणपतकडे नेलं. गणपत सत्तरीचा होता. त्याचा बापही याच खुर्चीवर बसून घड्याळं दुरुस्त करत असे.

"मशीन जाम आहे. आठ दिवस लागतील," गणपत म्हणाला.

"लागू द्या. पण वस्तू मौल्यवान आहे. दुकानात पडून राहू देऊ नका, तयार झालं की घरी आणून द्या." रत्नाकररावांनी मोठ्या रुबाबात पत्ता लिहून दिला.

पाचव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. ते दुकानात गेले. गणपतने नवी काच बसवली होती आणि घड्याळ टकटक करत होतं.

"विलायती नाही, रत्नाकरजी. साधं देशी आहे. पण तब्येतीनं दणकट. फक्त हा एक डाग जाऊन नाही राहिला."

रत्नाकररावांनी पाहिलं. सातच्या आकड्याखाली पिवळा डाग होता.

"कसला डाग आहे हा?" त्यांनी विचारलं.

"हळद आहे, दुसरं काय. कोण्या नवरदेवाचं घड्याळ असेल. बिचाऱ्यानं विकून खाल्लं."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातल्या चिरा शोधणाऱ्या माणसाने स्वतःचं घड्याळ स्वतःच विकत घेतलं होतं. आणि बेबीताईंनी हा डाग पाहिला तर चाळीस नारळांचा हिशेब एका दिवसात मागितला असता.

"गणपतभैया, डायल रंगवून टाका. काळी करा."

"असं काहून? ओरिजिनल डायल आहे. माझ्या बापानं मला शिकवलं, डायलला हात लावायचा नाही."

"मग ठेवून घ्या तुम्हीच. मला नको."

गणपतने भिंगातून त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं बंद पडलेल्या मशीनकडे पाहतात. "उन्हात फिरू नका, रत्नाकरजी. घरी जा, आराम करा."

रविवारी सकाळी दारात मोपेड थांबली. रत्नाकररावांनी खिडकीतून पाहिलं आणि ते बाथरूममध्ये शिरले. पण बाथरूममध्ये किती वेळ बसणार? बाहेरून बेबीताईंची किंकाळी ऐकू आली तेव्हा ते पंचा गुंडाळून धावत आले.

"अहो! हा डाग पाहा! माझ्या बाबांचं घड्याळ! मैयानं परत दिलं!"

गणपत चहाचा कप हातात घेऊन गोंधळून बसला होता. शेजारची यामिनी किंकाळी ऐकून आली, तिला सगळी कथा सांगितली गेली, आणि पाच मिनिटांत घड्याळ देव्हाऱ्याजवळ पाटावर बसलं. यामिनीने त्याला झेंडूचं फूल वाहिलं.

"चाळीस वर्षं नर्मदेच्या पाण्यात होतं," बेबीताईंनी डोळे पुसले, "आणि पाहा, कसं चालून राहिलं."

"पाण्यात?" गणपतने कप खाली ठेवला. "कोण म्हणतं पाण्यात? हे घड्याळ चाळीस वर्षं काय, चाळीस मिनिटंही पाण्यात नव्हतं."

"मैयाची लीला आहे, गणपतभैया," रत्नाकरराव घाईने म्हणाले. "चहा घ्या तुम्ही. बिस्किट घ्या."

पण गणपतच्या कामावर प्रश्न आला होता. बिस्किटाने तो थांबणार नव्हता. त्याने खिशातून चाकू काढला, घड्याळ पाटावरून उचललं आणि मागचं झाकण उघडलं. "हे पाहा ताई. गंजाचा एक कण नाही. पाण्यात असतं तर मशीनची माती झाली असती. अंदर एकदम साफ. आणि हे झाकणावर आतून खरवडलेलं पाहा. माझ्या बापाचं निशाण आहे. घड्याळ दुरुस्त केलं की बाबा तारीख खरवडून ठेवायचे. सात, ऐंशी. म्हणजे जुलै ऐंशी. आतलं चक्र बदललं होतं, म्हणजे घड्याळ तेव्हाही जुनंच होतं."

गणपतने झाकण सगळ्यांना दिसेल असं पुढे धरलं.

बेबीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळ पाण्यात कधी पडलंच नव्हतं. "म्हणजे तुम्ही..."

रत्नाकररावांनी बायकोकडे पाहिलं. लग्न त्र्याऐंशीचं, दुरुस्ती ऐंशीची. कोरं करकरीत, डबीसकट! "म्हणजे तुझ्या बाबांनी..."

दोघंही तिथेच थांबले. बेबीताईंना नवऱ्याची चोरी उघड करायची तर बापाची चोरी मान्य करावी लागत होती. रत्नाकररावांना सासऱ्याला सोलायचं तर आधी स्वतःची साल काढावी लागत होती. यामिनी पिक्चर पाहावा तशी आळीपाळीने दोघांकडे पाहत होती.

"मग काय झालं होतं, काकू?" तिने आशेने विचारलं.

"काही नाही. मैयाची वस्तू आहे," बेबीताईंनी गणपतच्या हातातून घड्याळ घेऊन झाकण खटकन बंद केलं. "मैयालाच परत द्यायची. आजच."

"अगदी बरोबर बोललीस," रत्नाकरराव म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी प्रथमच मनापासून म्हटलं होतं.

"अरे पण मी पाच दिवस मेहनत केली..." गणपत म्हणाला. त्याला दुसरा चहा देण्यात आला.

दुपारी दोघं ग्वारीघाटावर गेले. नेहमीची पायरी गाठली. रत्नाकररावांनी घड्याळ एकदा कानाशी धरलं. पहिल्यांदाच ते बरोबर वेळ दाखवत होतं. मग त्यांनी हात लांब करून ते सोडून दिलं.

"पडलं?" बेबीताईंनी विचारलं.

"पडलं," रत्नाकरराव म्हणाले.

"आता बाबांना काही बोलायचं नाही."

"मी कुठं काय बोलून राहिलो? आणि तू ट्रान्झिस्टरचं काही विचारायचं नाही."

"कोणता ट्रान्झिस्टर?"

रत्नाकररावांनी घाईघाईने नदीला नमस्कार केला.

शेजारी नाव बांधत असलेला नावाडी मघापासून पाहत होता. तो धोतर खोचून पुढे आला. "अम्मा, घड़ी गिर गई क्या? यहाँ तो कमर भर पानी है. अभी निकाल देता हूँ."

"रहने दो, भैया!" दोघं एकदम ओरडले.