मारुतीच्या टाचेखालचा ढग

भिंत ही मुळात टेकण्यासाठी बांधलेली असते. तिच्यावर चित्रं काढायची टूम राजेलोकांनी काढली, कारण त्यांना टेकायला लोड होते.

या राजवाड्याच्या शयनगृहात तर बोट ठेवायला जागा नाही, इतकं रामायण रंगवलेलं आहे. दारापाशी दशरथाचा यज्ञ सुरू होतो आणि खिडकीशी लंका जळते. (झोपताना राजाला जळती लंका कशाला बघायची होती, हे इतिहासाला माहीत नाही. राणीला झोप लागायची का, हे इतिहासाने विचारलेलंच नाही.) कोपऱ्यात मारुती पर्वत घेऊन उडतो आहे. त्याच्या टाचेखाली, साधारण छातीएवढ्या उंचीवर, रंगाऱ्यांनी थोडी भिंत कोरी सोडली होती. बहुधा तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली असावी.

त्या कोऱ्या जागेपुढे मावशींचं स्टूल होतं.

मावशी त्या दालनाच्या राखणदार. त्यांची कामं ठरलेली: 'हात लावू नका' म्हणणं, फ्लॅश मारणाऱ्याकडे बघणं आणि जागं राहणं. पहिली दोन त्या चोख करत. तिसऱ्यासाठी जेवणानंतर भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून पहारा देण्याची पद्धत त्यांनी बसवली होती. नोकरीला लागल्या तेव्हा वेणी मनगटाएवढी जाड होती आणि तेल तिला साजेसं. पुढे वेणी करंगळीएवढी झाली, तेल मात्र तेवढंच राहिलं. हात सवयीचे असतात.

भिंतीवरचा डाग आधी लिंबाएवढा होता, मग वाटीएवढा झाला, मग ताटाएवढा. तो कुणाला दिसू नये म्हणून मावशी त्याला आणखीनच टेकून बसू लागल्या. (डाग झाकण्याचा याहून स्वस्त उपाय कार्यालयालाही सुचला नसता.)

घरी टेकायची सोय नव्हती. हॉलला महागाचा रंग लावल्यापासून मावशींचं डोकं जरा मागे गेलं, की सूनबाई गोड आवाजात म्हणायच्या, "आई, जरा पुढे सरका हं, भिंत लागतेय." त्यामुळे मावशी बातम्याही ताठ बसून बघत. एवढ्या मोठ्या जगात डोकं टेकायला त्यांना एकच भिंत होती, आणि निवृत्तीचं वर्ष तोंडावर आलं होतं.

अशात एकदा मावशी पाणी प्यायला उठल्या आणि नेमक्या त्याच वेळी एक संशोधक बाई दालनात शिरल्या. मावशी परत आल्या, तर बाई डागापुढे डोळ्यांना रुमाल लावून उभ्या.

मावशी लगबगीने पुढे झाल्या. "अहो बाई, पुसायचा प्रयत्न केला मी, पण..."

"पुसायचा? हा ढग?" बाई किंचाळल्या. "हात लावू नका!"

मावशींचं वाक्य मावशींनाच ऐकवलं गेल्याची ही पहिलीच वेळ.

पुढे रीतसर शोधनिबंध झाला. हा ढग म्हणजे मूर्च्छित लक्ष्मणाचं दुःख, असं एक मत पडलं. मारुतीला पर्वत उचलताना आलेला घाम, असं दुसरं. प्रयोगशाळेने कळवलं, की चित्रकाराने वनस्पतींचं तेल थरावर थर देऊन वापरलेलं आहे आणि हे तंत्र काळाच्या फार पुढचं आहे. ढग तिकिटावर आला, कपबशीवर आला, चौकटीत बसून दुकानात विकायला आला. पाहणीत आढळलं, की शंभरातले एक्क्याण्णव पर्यटक ढग बघायला येतात, सहा स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला, आणि तिघे रामासाठी. (त्या तिघांतला एक वाट चुकलेला होता.)

ढगाला दोरीचं कुंपण पडलं. मावशींचं स्टूल दालनाच्या मधोमध, चारही भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवण्यात आलं. त्यांची मान आखडली. आणि काही महिन्यांत ढग विरायला लागला.

हाहाकार झाला. पर्यटकांच्या श्वासावर संशय गेला. दालनात तोंड बंद ठेवण्याचा नियम निघाला, गाईड हातवाऱ्यांनी रामायण सांगू लागला. (कुंभकर्ण छान जमायचा. सीतेची अग्निपरीक्षा लोकांना स्वयंपाक वाटायची.) तरी ढग विरतच गेला. शेवटी मावशी पदर खोचून अधीक्षकसाहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, तो ढग माझा आहे."

"तुमचा म्हणजे?"

"डोक्याचा. टेकून टेकून झालाय. आता टेकत नाही, म्हणून चाललाय. निवृत्तीच्या तोंडावर कापायचा तो पगार कापा, पण त्या गाईडला बोलू द्या. घामाघूम होतो बिचारा."

साहेबांनी मागे वळून बघितलं. भिंतीवर त्यांच्याच पुस्तकाचं पोस्टर होतं: ढग, त्याखाली साहेबांचं नाव. त्यांनी उठून दार लावलं.

"मावशी, तेल कुठलं लावता?"

"साधंच. सुटं मिळतं ते."

"बदलू नका," साहेब म्हणाले.

आठवडाभरात आदेश निघाला. मावशींची निवृत्ती लांबणीवर टाकून त्यांना 'मेघ-संवर्धन सहायक' नेमण्यात आलं. कर्तव्य: जेवणानंतर दोन तास भिंतीस डोके टेकून, डोळे मिटून बसणे. (डोळे उघडे ठेवल्यास मानेचा कोन बदलतो, असं तज्ज्ञांचं मत पडलं.) दाराबाहेर पाटी लागली: 'संवर्धन चालू आहे. शांतता राखा.' आतून घोरण्याचा आवाज आल्यास पर्यटक तो यंत्राचा समजतात आणि पाय न वाजवता निघून जातात. ढग आता पूर्वीपेक्षा दाट झाला आहे.

परवा मावशी घरी पोहोचल्या, तर सूनबाईंनी हॉलच्या भिंतीवर चौकटीतला ढग टांगला होता.

"आई, बघा ना! नुसतं बघितलं तरी कसं शांत वाटतं. फक्त मागे टेकू नका हं, काचेला तेल लागेल."

"नाही गं बाई," मावशी म्हणाल्या, "मी ऑफिसात टेकून येते."

हसू नका. ते चित्र तुमच्याकडेही आहे, सोफ्याच्या मागे, अगदी मधोमध. पूर्वी तिथे एक आरामखुर्ची असायची आणि तिच्यामागे भिंतीवर एक ढग होता. रंगाऱ्याला तुम्हीच बजावून सांगितलं होतंत, दोन हात जास्त मारा, खालचा डाग वर येता कामा नये.