अण्णांचा उसना कान

“निनाद, कान घेऊन ये!”

रोज संध्याकाळी मी लॅपटॉप मिटतो न मिटतो तोच समोरच्या फ्लॅटमधून ही हाक येते. जे. पी. नगरमधल्या आमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या कुणालाही वाटेल, समोरचे आजोबा वेडे असावेत. माझी तर त्याबद्दल खात्रीच झाली आहे. तरी मी चपला सरकवतो आणि जातो.

अण्णा मूळचे बेळगावचे. अख्खी नोकरी इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनीअर म्हणून काढली आणि यंत्रांच्या धडधडाटात डावा कान घालवला. आता घरात एकटे. त्यांच्या वयाची माणसं सकाळी बागेत हास्यक्लबला जातात. अण्णा भीतीचा व्हिडिओ गेम खेळतात. त्यांची मुलगी गौरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहते. तिने गेमचं नवं मशीन घेतलं तेव्हा जुनं वडिलांना आणून दिलं, वेळ जाईल म्हणून. त्यांचा जातो की नाही देव जाणे, माझा मात्र जातो.

गेममध्ये एक अवाढव्य बंगला आहे. किल्ल्या शोधत शोधत त्यातून बाहेर पडायचं. मागे लांब कोटातला एक धिप्पाड माणूस लागलेला. तो पळत नाही, दमत नाही, मरत नाही. एकेक दार उघडत नुसता चालत येतो. अण्णा त्याला ‘साहेब’ म्हणतात, तेही आदरार्थी.

“साहेबांना मारता येत नाही रे, नुसतं टाळता येतं. मी जन्मभर तेच केलो की.”

“अण्णा, हातात बंदूक आहे, झाडा ना!”

“काय उपयोग? साहेब गुडघ्यावर बसणार, स्वल्प दम खाणार, उठून परत येणार. गोळी मात्र गेली.”

अण्णांचे नियम ठरलेले आहेत. पळायचं नाही, पावलं वाजतात. एकच दार असलेल्या खोलीत शिरायचं नाही. साहेबांना एका जिन्याने वर न्यायचं आणि आपण दुसऱ्याने खाली यायचं. बंगल्यात एक दिव्याची खोली आहे, तिथे साहेब येत नाहीत. तिचं नाव ‘कँटीन’. एकदा कँटीनमध्ये पोचले की अण्णा गेम थांबवून खरीखुरी कॉफी करायला उठतात आणि मला बटणांना हात लावू देत नाहीत.

हेच डावपेच ते सोसायटीच्या सेक्रेटरीवर वापरतात. त्याला अण्णांना कमिटीवर घ्यायचंय. तो लिफ्टने वर येताना दिसला की हे जिन्याने खाली. सापडलेच, तर बहिरा कान त्याच्या दिशेला करतात आणि “आँ?” म्हणतात. तीनदा “आँ?” ऐकलं की सेक्रेटरी कानडीत “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत निघून जातो.

आता माझं काम. साहेब कुठून येतायत हे फक्त पावलांवरून कळतं, आणि एका कानाने आवाज ऐकू आला तरी त्याची दिशा कळत नाही. म्हणून मी सोफ्याच्या मधोमध बसायचं आणि सांगायचं.

“डावीकडून येतायत बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे? साहेब बहुतेक येत नसतात. नक्की सांग.”

यापायी माझं बॅडमिंटन सुटलं. आईचा फोन मी “थांब, साहेब आलेत” म्हणून ठेवतो. तिला वाटतं, मला ऑफिसात फार छळतात. परवा चुकून उजवीकडे म्हणालो, तर साहेबांनी अण्णांची मान धरली आणि अण्णा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. दोन दिवस! हाक मात्र दोन्ही दिवशी आली.

शेवटी मी वैतागून इंटरनेट धुंडाळलं, आणि सुटकेचा मार्ग सापडला. गेमच्या सेटिंगमध्ये एक सोय होती: पावलांचा आवाज पडद्यावर अक्षरांत दिसतो आणि तो कुठून येतोय त्याचा बाणही उमटतो. मी त्याच संध्याकाळचं बॅडमिंटन कोर्ट बुक केलं.

रविवार होता. रस्ते जरा मोकळे, म्हणून गौरी आली होती आणि गर्दी व्हायच्या आत निघायच्या बेतात होती. मी हाकेची वाटही न बघता रॅकेट घेऊनच गेलो, मशीन सुरू करून सेटिंग उघडलं आणि म्हणालो, “हे बघा अण्णा. आता माझ्या कानाची गरज नाही.”

गौरी पर्स खांद्याला लावता लावता थांबली. “अरे, ते मी पहिल्याच दिवशी लावून दिलं होतं. अण्णांना दिशा कळत नाही ना, म्हणून. चांगले खेळत होते एकटे. अण्णा, तुम्ही बंद केलंत?”

अण्णांनी मान वळवून डावा कान तिच्याकडे केला.

“आँ?”

मला आधी राग आला. माझ्या इतक्या संध्याकाळी गेल्या! सरळ ‘जरा येऊन बस’ म्हणायला या माणसाला काय होत होतं? मग मी त्यांच्याकडे पाहिलं. अण्णा टीव्हीकडे बघत बसले होते. टीव्हीवर सेटिंगची यादी सोडून काहीच नव्हतं.

मी ती सोय होती तशी बंदच ठेवली, यादी मिटली आणि गेमचा रिमोट त्यांच्या हातात दिला. रॅकेट दाराशी टेकवून सोफ्याच्या मधोमध बसलो. गौरीने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि “निनाद, सरक जरा” म्हणत पलीकडे बसली.

बंगल्यात कुठेतरी दार करकरलं. जड पावलं वाजायला लागली. अण्णांची बोटं बटणांवर होती, पण ती हलत नव्हती.

“डावीकडून,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की, अण्णा. पळू नका.”