आत्याबाई काम थांबवतात

"कठडा धरून चढायचं म्हणजे काय? मी काय आंधळी आहे?" आत्याबाईंनी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर विचारलं आणि बाळ्यानं कुणी ऐकलं तर नाही ना, ते पाहून घेतलं.

बाळ्या म्हणजे पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, एका अवाढव्य तेल कंपनीच्या खरेदी खात्यातला जबाबदार माणूस. कंपनीत त्याला साहेब म्हणणारेही काही होते. पण जिनं लहानाचं मोठं केलं ती आत्याच बाळ्या म्हणते म्हटल्यावर आपण वेगळं कशाला म्हणायचं? निम्मं आयुष्य तेल कंपनीत काढूनही त्यानं अजून तेलाचा थेंब पाहिला नव्हता. तो कंपनीसाठी खुर्च्या, पडदे आणि पंखे खरेदी करायचा. तरी पेट्रोल महागलं की शेजारी त्यालाच जाब विचारायचे, जणू तेलविहिरीचा नळ यानंच आदल्या दिवशी आवळून ठेवला होता.

आज कंपनीचा कुटुंब दिन होता. घरचं माणूस बरोबर आणायचंच, असा वरून निरोप होता. बायको परिचारिका, तिला दवाखान्यातून सुट्टी मिळाली नाही. एकट्यानं जावं तर मोठे साहेब म्हणणार, या माणसाचं घरात कुणाशी पटत नाही. आणि आजच कार्यक्रमाच्या शेवटी मोठे साहेब खरेदी खात्याचा नवा प्रमुख जाहीर करणार होते. बाळ्याचं नाव नक्की, असं शिपायापासून सगळे कुजबुजत होते. तेव्हा त्यानं मनाचा हिय्या केला आणि आत्याबाईंना आणलं. हिय्या करावा लागला, कारण जगातली कुठलीच गोष्ट आत्याबाईंना धड दिसत नसे. लग्नाला गेल्या तर नवरीच्या आधी त्यांना भिंतीला आलेली ओल दिसायची.

"आत्या, इथला नियम आहे तो. मोठे साहेबसुद्धा कठडा धरतात."

"असं होय? मग बरं वळण आहे," आत्याबाई म्हणाल्या आणि कठडा धरून वर आल्या.

वर नारिंगी जाकीट घातलेला सुरक्षा अधिकारी पाहुण्यांना लाल कार्डं वाटत होता. "आजी, तेलाचा धंदा म्हणजे आगीशी खेळ. म्हणून इथे प्रत्येकाला हक्क आहे. काही धोक्याचं दिसलं की हे कार्ड वर करायचं आणि ‘थांबा’ म्हणायचं. काम कुणाचंही असो, थांबलंच पाहिजे."

"कुणाचंही?"

"अगदी मोठ्या साहेबांचंही."

"आणि मग लोक तोंडं वाकडी करत असतील."

"छे हो! टाळ्या वाजवतात. तसा नियमच आहे."

आत्याबाईंनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. आयुष्यभर त्या लोकांची कामं थांबवत आल्या होत्या, पण टाळी सोडाच, कुणी धड आभारही मानले नव्हते. त्यांचे डोळे चमकले. बाळ्यानं ते पाहिलं आणि कार्ड परत कसं काढून घ्यावं, याचा तो विचार करू लागला. त्याच्या स्वतःच्या खिशात असलं कार्ड नोकरीला लागल्यापासून होतं आणि ते त्यानं एकदाही वर केलं नव्हतं. कशाला उगाच कुणाच्या डोळ्यावर या!

चहाच्या टेबलापाशी पोहोचेपर्यंतच आत्याबाईंचा हात वर गेला. "थांबा! ही वायर अशी वाटेत? कुणी उकळत्या किटलीसकट तोंडावर आपटला म्हणजे?"

चहावाला थांबला, वायर हलली, टाळ्या वाजल्या. आत्याबाई लाजल्या. आत्याबाईंना लाजताना बाळ्या जन्मात पहिल्यांदा पाहत होता.

मग पोरांसाठी आणलेल्या जादूगारानं टोपीतून जाळ काढला.

"थांबा! अरे, तेलाच्या कंपनीत येऊन जाळ काढतोस? अक्कल कुठे चरायला गेलीय तुझी?"

सुरक्षा अधिकारी पांढराफटक पडला, कारण जादूगार त्यानंच बोलावला होता. नियमाप्रमाणे टाळ्या मात्र त्यालाच सर्वांत आधी वाजवाव्या लागल्या.

"आत्या, पुरे आता. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे," बाळ्या काकुळतीला आला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मोठे साहेब भाषणाचा कागद वाचत वाचत उतरू लागले. दोन्ही हात कागदावर.

"ओ टायवाले! थांबा! कठडा कुणी धरायचा?"

अख्ख्या सभागृहाच्या माना जिन्याकडे वळल्या. मोठे साहेब एक पाय हवेत ठेवून थांबले. मग त्यांनी निमूटपणे कठडा धरला, खाली आले आणि विचारलं, "या कुणाच्या?"

"माझ्या... आत्या आहेत, सर," बाळ्या म्हणाला. त्याला वाटलं, गेली नोकरी.

"कमाल आहे! मला अडवायची हिंमत इथे कुणाची होत नाही. अशी माणसं घराघरात पाहिजेत. आजी, तुम्ही पुढच्या रांगेत बसा. तुम्हीही या हो यांच्याबरोबर."

पुढच्या रांगेत बसताना बाळ्याची छाती फुगली. खातेप्रमुखाची जागा आता खिशात आली होती. तेवढ्यात आत्याबाईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"बाळ्या, स्टेजवरच्या त्या मधल्या खुर्चीचा मागचा पाय बघ. तिरका झालाय. कुठल्या गाढवानं आणलीय रे?"

"मी," बाळ्या पुटपुटला. "सगळ्याच खुर्च्या मी आणल्यात. हळू बोल ना!"

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग हातातलं लाल कार्ड गुपचूप पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन ओढली.

मोठे साहेब स्टेजवर चढले. ते चांगले भरभक्कम होते. मधल्या खुर्चीपाशी जाऊन त्यांनी हसत हसत खाली पाहिलं. "काय आजी, बसू ना मी? की इथेही काही धोका आहे?"

सगळे हसले. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "छे! खुर्ची कशी छान आहे. दणकट आहे अगदी. बसा, खुशाल बसा."

बाळ्या थक्क झाला. त्याच्या बायकोपासून त्याच्या टकलापर्यंत आत्यानं आजवर कशाला म्हणून छान म्हटलं नव्हतं. मोठे साहेब वाकले. खुर्चीमागे स्टेजची पायरी, पायरीखाली कडक फरशी. गप्प बसावं तर साहेबांची मान मोडणार, बोलावं तर जागा जाणार. साहेब आणखी वाकले.

"थांबा!"

हा आवाज आपलाच आहे हे बाळ्याला जरा उशिरानं कळलं. साहेब अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थांबले. सुरक्षा अधिकाऱ्यानं पुढे येऊन खुर्चीला नुसतं बोट लावलं. मागचा पाय सुटला, खुर्ची कोसळली आणि गडगडत पायरीवरून खाली आली.

"शाब्बास!" साहेब कसेबसे सरळ होत म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. "पण ही खुर्ची खरेदी कुणी केली?"

"मीच, सर."

काहींच्या टाळ्या थांबल्या, काहींच्या चालू राहिल्या. अशा वेळी काय करायचं याचा नियम नव्हता.

पाच मिनिटांत बाळ्याला प्रसंगावधानाबद्दल एक पिवळं हेल्मेट बक्षीस मिळालं आणि खुर्चीबद्दल चौकशी लागली. दोन्ही गोष्टी मोठ्या साहेबांनीच, एकाच हसऱ्या चेहऱ्यानं जाहीर केल्या. खातेप्रमुखाचं नाव चौकशीनंतर सांगू, असंही म्हणाले.

घरी जाताना आत्याबाईंनी टॅक्सीवाल्याची एकही चूक काढली नाही. बाळ्या मांडीवरच्या हेल्मेटकडे बघत होता. त्याला वाईट वाटत होतं आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं. शेवटी तोच म्हणाला, "आत्या, माझं चुकलं का गं?"

"मेल्या, तुझ्या शंभर चुका मी आजवर चारचौघांत काढल्या," आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आज जन्मात पहिल्यांदा एक झाकायला गेले, तर तीही तुला झाकू द्यायची नव्हती!"